त्रेचाळीस आणि सहा

१

सोमवारी दुपारी डॅनियल राउख जिल्ह्याच्या गावाहून परतला आणि घोड्यावरून उतरण्याआधीच ओरडला, "आपला घात झालाय!"

राउख आमच्या एर्लेनबाख खोऱ्याचा गिरणीवाला, चर्चचा कारभारी आणि त्या वर्षीच्या मतदानाचा पंच. शुक्रवारी, म्हणजे चार नोव्हेंबर सतराशे शहाण्णवला, त्याच्याच गिरणीत मतदान झालं होतं. आकड्यांचा कागद तो शनिवारी पोचवून आला होता आणि सोमवारी निकाल ऐकायला पुन्हा गेला होता. तिथल्या कारकुनांनी कागद वाचला आणि हसून हसून त्यांची पोटं दुखली म्हणे.

"त्रेचाळीस चिठ्ठ्या योहानेसच्या!" राउख म्हणाला. "आणि टोमासच्या किती? सहा! अख्ख्या पेनसिल्व्हेनियात आपलं हसं झालं."

टोमास म्हणजे जेफरसन, योहानेस म्हणजे ॲडम्स. आमच्या खोऱ्यात माणसाला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावानेच ओळखायची रीत आहे, मग तो अध्यक्षपदाला का उभा असेना. निम्मं खोरं राउख आणि निम्मं केमरर, तिथे आडनाव घेऊन करायचंय काय! दारूवर पट्टी बसवणारे आणि ती वसूल करायला सैन्य धाडणारे लोक योहानेसच्या बाजूचे, म्हणून खोरं टोमासचं. योहानेसचे म्हणावेत असे एकूण सहाजण: खानावळवाला झकारियास बोन आणि रोज त्याच्या शेकोटीला पाय लावून बसणारे त्याचे पाच दोस्त.

मग या त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या कुठून?

गिरणीत जमलेल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. योस्ट केमरर चाकं बनवायचा. वय सव्वीस. मतदानाच्या दिवशी खिडकीशी उभं राहून प्रत्येकाची घडी घातलेली चिठ्ठी घ्यायची आणि पेटीत टाकायची, हे काम त्याचं होतं. पेटीही त्यानेच बनवलेली. दुपारी राउख आणि मी जेवायला आत गेलो तेव्हा अर्धा तास पेटीपाशी तो एकटाच होता. आणि आदल्या बुधवारी तो झकारियासच्या खानावळीतून बाहेर पडताना दोघांनी पाहिला होता.

"मी गाडीचं चाक बसवायला गेलो होतो," योस्ट म्हणाला.

कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मी कोनराड लाउबाख, या खोऱ्याचा शाळामास्तर. त्या दिवशी मतदारांची नावं लिहायला मीच बसलो होतो. योस्ट माझ्या हाताखाली अक्षरं शिकला होता. माझं एक वाक्य तिथे पुरलं असतं. पण राउख शाळेचाही कारभारी होता आणि हिवाळ्याची शाळा मला द्यायची की नाही ते शनिवारी ठरायचं होतं.

"रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाशी यायचं नाही," राउखने योस्टला सांगितलं. "खरं कबूल करेपर्यंत नाही."

२

मंगळवारी सकाळी सालोमे ड्रेशर माझ्या शाळेत आली. ही आमची सुईण. साठी उलटली होती, पण चालताना मला धाप लागायची, तिला नाही. तिला ठाऊक नाही असं घर खोऱ्यात नव्हतं आणि तिने बाहेर फोडलेलं गुपितही नव्हतं.

"मास्तर, टोपी घाला," ती म्हणाली. "योस्टला मी या हातांनी जगात आणलंय. त्याला हाकलायचं असेल तर आधी मला विचारावं लागेल."

"हाकलतंय कोण त्याला?"

"तो स्वतःच चाललाय. शनिवारी पिट्सबर्गकडे गाड्या निघतायत, त्यात जागा सांगून आलाय. मागे मागडालेना एकटी. डोळे गेल्यातच जमा आहेत तिचे." मागडालेना ही योस्टची आई. "मला लिहिता-वाचता बेताचंच येतं, म्हणून तुम्ही हवेत. प्रश्न मी विचारीन, कागद तुम्ही वाचा."

मतदान बाईचं नव्हतं, तरी चौकशी बाईने करायची! मला हसू आलं. ती हसली नाही.

आम्ही आधी योस्टकडे गेलो. तो हत्यारं तेल लावून पोत्यात गुंडाळत होता.

"मास्तर," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुम्हाला वाटतं मी हे केलं?"

"नाही रे."

"मग काल गिरणीत का नाही बोललात?"

सालोमेने मला त्यातून सोडवलं. "ते राहू दे. दुपारी पेटीपाशी कोण आलं होतं?"

"कोंबड्या," योस्ट म्हणाला. "आणि राउखचा कुत्रा. त्याने मत दिलं नाही."

"टोमणे नंतर मार. स्वतःची चिठ्ठी टाकलीस ती उलगडून वाचली होतीस?"

"वाचून काय कळणार, मावशी? पंधरा इंग्रज नावं. आईने लिहून दिली, मी टाकली."

हे खरंच होतं. चिठ्ठीवर ना टोमासचं नाव असतं ना योहानेसचं. अध्यक्ष निवडायला आपल्या राज्यातून जी पंधरा माणसं जातात, त्यांची नावं फक्त असतात, तीही हाताने लिहिलेली. छापील चिठ्ठी कायद्याला चालत नाही. दोन्ही बाजूंच्या पंधरांत एकही आमच्या भागातला नव्हता. सगळे लांबचे प्रतिष्ठित लोक. याद्या शेवटच्या आठवड्यात आल्या आणि आमचं जर्मन वर्तमानपत्र पोचतं पंधरा दिवसांनी.

"तुझ्या आईने?" सालोमेने विचारलं. "किती लिहिल्या तिने?"

"आठ. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी लिहिल्या." योस्टने पोत्याची गाठ करकचून आवळली. "त्या मी फेकून दिल्या म्हणे!"

३

पेटी गिरणीतच होती. सालोमेने राउखपुढे ती उलटी केली आणि विणायच्या सुईने तळाचा कोपरा न् कोपरा टोचून पाहिला.

"चोरकप्पा नाही," ती म्हणाली.

"मग खिशातून बदलल्या असतील," राउख गुरकावला.

"चिठ्ठ्या दाखवा."

मोजून झालेल्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या. एक जाड माळ, एक बारीक. सालोमेने जाड माळ खिडकीपाशी नेली आणि एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून बघू लागली. वाचत नव्हती, नुसती बघत होती.

"ही पेगीच्या हातची," ती म्हणाली. पेगी म्हणजे राउखची बायको. "ही पण. या डागाला वास येतोय बघा, सफरचंदाच्या मुरंब्याचा. आणि ही तर मागडालेनाची. ओळी अशा उतारावरून घसरत फक्त तिच्याच जातात. मोजा मास्तर."

मी मोजल्या. घसरत्या ओळींच्या चिठ्ठ्या आठ भरल्या.

राउखचा चेहरा पडला. मतदानाच्या आठवड्यात त्याच्याच अंगणात बायका मुरंबा घोटायला जमल्या होत्या. कढईशी आळीपाळीने बसायचं आणि मोकळ्या हाताने चिठ्ठ्या लिहायच्या, असं त्यांचं चाललं होतं. खोऱ्यातल्या पुरुषांची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून हे काम बायकांकडे.

"म्हणजे पेटीत पडल्या त्या आपल्याच बायकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या," सालोमे म्हणाली. "बदललं कुणी काहीच नाही."

"पण नावं तर योहानेसच्या माणसांची आहेत!" राउख म्हणाला. "मी जिल्ह्याला यादी ताडून पाहिली आहे."

"हो ना," सालोमे म्हणाली. "आता ती बारीक माळ कुणाची ते विचारायला हवं."

४

झकारियास बोनने आमच्यासमोर खारवलेल्या कोबीची वाटी ठेवली आणि स्वतःच खायला लागला.

"मी पेटी विकत घेतली म्हणतात ना? अहो, विकत घ्यायचीच तर शिल्लक सहा कशाला सोडीन?"

"आम्ही काही म्हटलेलं नाही," सालोमे म्हणाली. "तुम्ही सहा जणांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या कुणी लिहिलेल्या?"

"मीच. इथे, याच मेजावर, मास्तरांच्या कागदावरून उतरवून. खाली बिअरचा गोल डाग उठलाय बघा प्रत्येकीवर."

सालोमेने माझ्याकडे पाहिलं. बारीक माळेतल्या सहाही चिठ्ठ्यांवर गोल डाग मी स्वतः पाहिले होते. म्हणजे खोऱ्यात टोमासच्या बाजूने मत दिलं होतं ते फक्त टोमासला शिव्या घालणाऱ्या सहा माणसांनी!

मी त्याला ते सांगितलं. झकारियासच्या हातातला चमचा थांबला. मग तो एवढ्या जोरात हसला की आतून त्याची बायको धावत आली.

"मी? टोमासला? अरे देवा, हे बाहेर सांगू नका! माझा घोड्यांचा दाणा सैन्यात कोण घेईल मग?" डोळे पुसत तो माझ्याकडे वळला. "आणि मास्तर, तुम्ही साळसूदासारखे बसलायत, पण माझ्या कागदावर शिवी लिहून दिलीत ते मी विसरलेलो नाही हं."

"मी? शिवी?" मी उभाच राहिलो. "मी कुणाच्या कागदावर कधी शिवी लिहिलेली नाही!"

"राहू द्या, राहू द्या. मी मनावर घेतलं नाही."

मी रागाने बाहेर पडलो. सालोमे लगेच आली नाही. दाराआड ती झकारियासला काहीतरी हळू विचारत होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या दोन याद्या आधी कुणाकडे आल्या होत्या?"

"माझ्याकडे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आणून दिल्या. अक्षर वाईट होतं, म्हणून मी स्वच्छ उतरवल्या, घड्या घातल्या आणि गोंधळ नको म्हणून दोन्हींवर बाहेरून खूण केली. मेजावर ठेवून दिल्या. पेगी एक घेऊन गेली, झकारियास एक."

"तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"नाही. घंटेचा दोर बदलत होतो."

नंतर दोन दिवस तिला बाळंतपणं लागली आणि मीही तिला शोधायला गेलो नाही.

५

शुक्रवारी चारच्या सुमाराला ती मला पेगीकडे घेऊन गेली. पेगी आयरिश. राउखशी लग्न करून तिला सात वर्षं झाली होती. आमची बोली ती झकास बोलायची, पण वाचायला शिकली होती ती इंग्रजी, आईच्या मांडीवर.

"पेगी, मेजावर दोन कागद होते. तू हाच कसा उचललास?" सालोमेने विचारलं.

"वर लिहिलेलं होतं की!" पेगी म्हणाली. "जेफरसनचा जे." आणि तिने पिठाच्या बोटाने मेजावर ते अक्षर काढलं: वरून सरळ खाली येणारं आणि शेवटी डावीकडे वळलेलं, मासे धरायच्या गळासारखं.

मी त्या अक्षराकडे बघतच राहिलो.

इंग्रज लोक त्याला जे म्हणतात. आम्ही जर्मन त्याला योट म्हणतो. माझ्या हाताने ते अक्षर हजार वेळा काढलेलं. योस्टला शिकवताना त्याचा हात धरून मीच काढलेलं, कारण त्याचं नाव त्याच अक्षराने सुरू होतं. योस्टचं, याकोबचं, आणि योहानेसचं.

"दुसऱ्या कागदावर टी होता," सालोमे हळूच म्हणाली. "टोमासचा. पण झकारियासला वाटलं तुम्ही त्याला टोरी म्हणताय."

टोरी म्हणजे इंग्लंडच्या राजाचा चाकर. योहानेसच्या माणसांना चिडवायला तेव्हा सगळे हाच शब्द वापरायचे. झकारियास तेवढ्यावरून चिडला, मेजावर उरलेला तो एकच कागद खिशात कोंबला आणि गेला.

"त्रेचाळीस आणि सहा," सालोमे म्हणाली. "माझ्या डोक्यातून तेच जात नव्हतं. लबाडी करणारा आपल्या बाजूची मतं वाढवतो. त्याने त्या सहा कशाला उलट्या केल्या असत्या? दोन्ही बाजू पुरत्या उलटल्या, म्हणजे हे लबाडाचं काम नाही. हे मुळातच कुठेतरी उलटं धरलं गेलं."

पेगीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे चूक माझी?"

"तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस," मी म्हणालो. "मी पुरतं नाव लिहायला हवं होतं."

मोजणीच्या वेळी ती नावं मीच नोंदवली होती. दोन्ही याद्या माझ्याच हातच्या. पण ती परकी इंग्रज नावं मला तेव्हाही सारखीच वाटत होती आणि आजही वाटतात. अक्षर सुबक आलं की माझं समाधान होई. त्यात काय लिहिलंय याकडे मी बघतच नसे.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. वरच्या अंगाला एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. सालोमेने शाल घेतली.

"मास्तर, मला आता सकाळपर्यंत सुटका नाही. तुम्ही इथून सरळ योस्टकडे जा. त्याला सांगा, मग राउखला सांगा. पेगी, तू गप्प राहा. हे मास्तरांनीच सांगायला हवं."

"जातो," मी म्हणालो.

६

मी गेलो. हे मला कुणालाही सांगता येतं की मी गेलो होतो.

केमररांच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा उजेड होता. दार उघडं होतं. मागडालेना चाचपडत पाव कापडात बांधत होती आणि योस्ट तिला म्हणत होता, "आई, एवढे नको, वाटेत दगड होतील." ती म्हणाली, "दगड झाले तर भिजवून खा." दोघंही हसली.

फाटकाच्या कडीला हात लावला आणि मला उद्याचा दिवस आठवला. उद्या राउख शाळेचं ठरवणार होता. मी एकसष्ट वर्षांचा, बायको गेलेली, राहायला शाळेमागची ती एक खोली. खोऱ्याची फजिती करणारा माणूस मीच, हे आज कळलं तर उद्या मला कोण ठेवील? गाड्या सकाळी आठला सुटतात. सहाला येऊन योस्टला थांबवू. राउखला मात्र शाळेचं झाल्यावर सांगू. रात्रीने काय बिघडतंय?

मी कडी सोडली आणि परत फिरलो.

रात्री कडाक्याची थंडी पडली. चिखल गोठून रस्ता टणक झाला. तो वितळायच्या आत वाट कापावी म्हणून गाडीवाल्यांनी पाचलाच बैल जुंपले. मी सहाला पोचलो तेव्हा मागडालेना फाटकात उभी होती.

"कोण? योस्ट? काही विसरलास का रे?" तिने विचारलं.

"मी आहे, मास्तर," मी म्हणालो.

बोनच्या खानावळीपर्यंत मी धावलो. पुढे छातीत कळ आली. झकारियासने घोडेस्वार पाठवला, पण फाट्यापुढे पिट्सबर्गकडे तीन वाटा होत्या आणि गोठलेल्या रस्त्यावर चाकांच्या खुणा नव्हत्या.

७

रविवारी प्रवचनानंतर मी चर्चमध्ये उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. अक्षर, दोन कागद, फाटकाची कडी, सगळं. मला वाटलं होतं माझ्यावर दगड पडतील.

राउखने घसा साफ केला. "मास्तर, चूक कुणाचीही होते," तो म्हणाला. "एका अक्षराची तर गोष्ट." मग माना हलल्या, कुणी माझा खांदा थोपटला. हिवाळ्याची शाळा मला आदल्या दिवशीच मिळालेली होती, ती कुणी काढून घेतली नाही. योस्टला त्यांनी पाच दिवसांत जे दिलं नाही ते मला पाव घटकेत दिलं. सालोमे तेवढी मागच्या बाकावरून उठली आणि बाहेर निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी तुटक बोलायची, तेही कामापुरतं.

राज्य थोडक्या मतांनी टोमासच्या बाजूला गेलं आणि देश तीन मतांनी योहानेसच्या. आमच्या त्रेचाळीस चिठ्ठ्यांनी कुणाचं काही अडलं नाही.

मी योस्टला पत्र लिहिलं. चार पानं. क्षमा मागितली, खोरं तुला परत बोलावतंय असं लिहिलं, आई दर शनिवारी फाटकात उभी राहते हेही लिहिलं. पिट्सबर्गच्या टपालघरात पाठवून दिलं आणि उत्तराची वाट पाहत राहिलो.

मागडालेना एप्रिलमध्ये गेली. पत्र जूनमध्ये परत आलं. फोडलेलं होतं. मागे परक्या हाताने लिहिलं होतं:

"महाशय, हे पत्र मला पाच महिन्यांपूर्वी मिळालं. वाचून कळलं की ते माझं नाही. माझी आई कधीच वारली. ज्याचं आहे त्याला शोधलं, पण उशिरा. योस्ट नावाचा एक चाकं बनवणारा इथे होता, वसंतात नदीने खाली गेला, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. टपालवाल्याचा दोष नाही. आपणच तसं लिहिलं आहे. आपला, याकोब केमरर."

मी पाकीट उलटून पाहिलं. सुबक, वळणदार, माझंच अक्षर. पुरतं नाव मी लिहिलेलंच नव्हतं. आडनावाच्या आधी फक्त एक योट होता.